साडेसातशेचा डबा नको, दाळ-अंड्याचे पैसे वेळेवर पाहिजे : टीबी-एचआयव्हीचं काम बघणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

मा. साहेब, मा. मॅडम,
(राज्यात, जिल्ह्यात, तालुक्यात टीबीचं अन् एड्स नियंत्रणाचं काम बघणारे सगळेच)

नमस्कार. एका डब्याबद्दल लिहायचंय. साडेसातशे रुपयांचा, केशरी झाकणाचा डबा, वरती चमकणाऱ्या फुप्फुसांचं चित्र, अन् खाली मोठ्या अक्षरात अँटीऑक्सिडंट, इम्युनिटी, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून संरक्षण वगैरे वगैरे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय आहे ते लिहिलंय, त्यात पहिलं नाव साखरेचं. मग दूध पावडर, झिंक, आयर्न, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सेलेनियम, व्हिटामिन सी, ई. आमच्याकडं ज्या पेशंटला टीबी पण आहे अन् एचआयव्ही पण आहे त्यातल्या कितीतरी जणांच्या घरात हा नाहीतर याचाच भाऊ असलेला दुसरा डबा फळीवर ठेवलेला दिसतो. कोणाला मेडिकलवाल्यानं दिला, कोणाला प्रायव्हेट डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिला, कोणाला नातेवाइकानं नागपूरहून आणून दिला. अन् पैसे कुठून आले विचारलं तर बरेचदा उत्तर एकच, "ते सरकारचे आले होते ना ताई, खायचे."

म्हणजे निक्षय पोषण योजनेचे, टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार खात्यात टाकतं ते. महिन्याला हजार रुपये, २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. त्या हजारातले साडेसातशे डब्यात. आता बोला.

मी कोण, तर बी.एस्सी. केमिस्ट्री केलेली, नोकरी न लागलेली, अन् आता एचआयव्ही पॉझिटिव्ह लोकांच्या ग्रुपसोबत गावोगाव फिरणारी, पेशंटला एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, मिळते तिथं) घेऊन जाणारी, गोळ्या मोजणारी बाई. तालुका कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. आमच्या भागात गावं एवढुशी आहेत की तालुका लिहिला तर लोक बरोबर कोणाच्या दारापर्यंत पोचायचं तिथपर्यंत पोचतात. कापूस, तूर, सोयाबीन अन् दुष्काळ असलेला विदर्भातला एक तालुका, एवढं पुरे.

आता कोणी म्हणेल की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे सगळं कंपनीवाल्यांचं थोतांड आहे. तसं नाही, तीच तर अडचण आहे, गोष्ट खरी आहे अन् त्या खऱ्या गोष्टीवर धंदा चालू आहे. टीबीचा जंतू फुप्फुसात घुसला की आपल्या पेशी त्याला गिळतात अन् मारायसाठी ऑक्सिजनपासून बनलेले जहाल रेणू त्याच्यावर सोडतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असले. हे रेणू जंतूला जाळतात पण आजूबाजूची आपलीच चरबी, प्रथिनं, डीएनए पण जाळतात. वावरात पऱ्हाटी पेटवताना धुऱ्यावर एक माणूस पाण्याची बादली घेऊन उभा ठेवावा लागतो, नाहीतर बाजूची तूर गेली म्हणून समजा, तसं शरीरात पण बादलीवाले असतात, अँटीऑक्सिडंट म्हणतात ते हेच. आग जास्त अन् बादली कमी पडली की झाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यातला मुख्य म्हणजे ग्लुटाथायोन, सोबतीला एसओडी, कॅटालेज ही एंझाइमं अन् व्हिटामिन सी, ई. नुसता टीबी असला तरी ग्लुटाथायोन कमी होतो, नुसता एचआयव्ही असला तरी कमी होतो. अन् दोन्ही एकाच अंगात आले तर आग दोन्हीकडून अन् बादली रिकामी.

एचआयव्हीचं वेगळं लफडं आहे. त्याची स्वतःची प्रथिनं, टॅट अन् जीपी१२०, पेशीत हे जहाल रेणू वाढवतात. ते वाढले की पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन जागं होतं, अन् त्याच प्रथिनाच्या मदतीनं व्हायरस स्वतःच्या कॉप्या काढतो. म्हणजे टीबीच्या आगीनं व्हायरस वाढतो, व्हायरस वाढला की सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) पडतो, सीडी४ पडला की टीबी पसरतो, अन् हे असं फिरत राहतं. पॉझिटिव्ह माणसं सगळ्यात जास्त मरतात ती टीबीनंच, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे असं नाही. पेशंटच्या रक्तात एमडीए मोजला तर तो वाढलेला सापडतो, चरबी जळाल्याची ती खूण आहे, अन् औषधं लागू पडली की तो उतरतो. पण ही टेस्ट पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सुरू करा अशी काही माझी मागणी नाही. ती करून कोणाचं औषध बदलणार नाही, उगाच अजून एक कागद वाढेल.

मग लोक म्हणतात, बादली रिकामी आहे ना, तर पावडरनं भरा. वरवर बरोबर वाटतं, पण तसं होत नाही. एक तर ती आग शरीराचं हत्यार पण आहे, ती पूर्ण विझवायची नसते. दुसरं म्हणजे हे करून पाहिलेलं आहे. टांझानियात एआरटीवरच्या लोकांना व्हिटामिनचे मोठे डोस दिले अन् दुसऱ्या गटाला साधे डोस दिले, मोठ्या डोसवाल्यांचा आजार काही कमी झाला नाही, उलट लिव्हरचं एंझाइम, आपण ज्याला एसजीपीटी म्हणतो, ते वाढलेले लोक त्यांच्यात जास्त निघाले म्हणून अभ्यास मधेच थांबवावा लागला. २०१२ मध्ये ते छापून आलंय. डब्ल्यूएचओ पण टीबीच्या पेशंटला खाण्यातूनच सगळं मिळावं म्हणते, अन् नाहीच मिळालं तर रोजच्या गरजेएवढंच व्हिटामिन-मिनरल द्या म्हणते. गरजेएवढं, डबा भरून नाही. अन् एन-ॲसिटिल-सिस्टीन नावाची गोळी आहे ती ग्लुटाथायोन वाढवते म्हणून तिचे पण प्रयोग झालेत, पण आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या उपचारात ती नाही, तरी चिठ्ठीवर लिहिलेली मी पाहिली आहे.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप पैशाचा पण नाही. हे नीट वाचा साहेब.

आपल्याकडं एचआयव्हीसाठी आता टीएलडी चालते, एकाच गोळीत तीन औषधं, त्यातलं एक डोलुटेग्रॅविर. टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की डोलुटेग्रॅविर लवकर संपून जातं, म्हणून टीबी चालू असेपर्यंत अन् रिफाम्पिसिन संपल्यावर अजून दोन आठवडे डोलुटेग्रॅविरची एक पन्नास मिलिग्रॅमची वेगळी गोळी बारा तासांच्या अंतरानं द्यावी लागते. हे सेंटरवर नीट सांगतात, वेळ लिहून पण देतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण झिंक, आयर्न, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे धातू पोटात डोलुटेग्रॅविरला चिकटतात अन् ते रक्तात जाऊच देत नाहीत. म्हणून नियम असा की असलं काही घ्यायचं तर गोळीनंतर दोन तासांनी नाहीतर गोळीच्या सहा तास आधी. आयर्न-कॅल्शियमला भरपेट जेवणासोबत सूट आहे, पण रिकाम्या पोटी अजिबात नाही.

आता आमचे एक काका. मजुरीवर जातात, रात्री नवाला टीएलडी अन् सकाळी नवाच्या आत वेगळी गोळी, वेळेचे एकदम पक्के. सकाळी मी गेले तेव्हा स्टीलच्या गिलासात कोमट पाण्यात दोन चमचे पावडर कालवली, बोटानंच ढवळली, अन् त्याच पहिल्या घोटासोबत गोळी गिळली, रिकाम्या पोटी. वरून मला सांगतात, "दोनी संगच घेतो ना ताई, मंग इसरत नाई." एवढ्या प्रामाणिकपणे औषध घेणारा माणूस, अन् गोळी पोटात गेल्या गेल्या डब्यातल्या झिंकनं, मॅग्नेशियमनं धरून ठेवली. पैसे देऊन स्वतःचं औषध कमी करून घेणं म्हणतात ते हे. त्यांना कोणी सांगितलंच नाही. ज्यानं डबा विकला त्याला ते एआरटीवर आहेत हे माहीत नव्हतं, अन् माहीत कसं असेल, मेडिकलवर उभं राहून मी पॉझिटिव्ह आहे असं कोणी सांगत असतं का! अन् सेंटरवर "दुसरं काही घेता का" विचारलं तर काका नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दवाई नाहीच, ते 'ताकदीचं' आहे.

म्हणून पहिली मागणी ही की एआरटी सेंटरवर अन् टीबीच्या गोळ्या जिथं मिळतात तिथं "औषध घेता का" नका विचारू, "पावडर, टॉनिक, ॲसिडिटीचं पातळ औषध, रक्तवाढीची गोळी घेता का" असं नाव घेऊन विचारा. ॲसिडिटीच्या औषधात पण ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं अन् टीबीच्या गोळ्यांनी पोट जळतं म्हणून ते तर घरोघरी आहे. अन् तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांची एक मिटिंग घ्या ना, औषध निरीक्षक साहेबांना सोबत घेऊन. वाईट सगळे नसतात, काही जणांना खरंच माहीत नसतं.

आता बादली भरते कशानं ते. ग्लुटाथायोन तीन अमिनो ॲसिडपासून बनतो, ग्लुटामेट, ग्लायसिन अन् सिस्टीन, त्यातलं कमी पडतं ते सिस्टीन. ते प्रथिनातून येतं. तुरीच्या दाळीत ते जरा कमी असतं पण ज्वारीच्या भाकरीत असतं, अन् भाकरीत जे लायसिन नावाचं दुसरं अमिनो ॲसिड कमी असतं ते दाळीत भरपूर, म्हणून आपल्या आज्या दाळ-भाकरी सोबत खा म्हणायच्या त्यात दम आहे. अंड्यात तर सगळंच आहे, सहा-एक ग्रॅम प्रथिन एका अंड्यात. सी पाहिजे तर आवळा, शेवग्याचा पाला. ई पाहिजे तर फल्ली, म्हणजे शेंगदाणे. यातलं काहीच साडेसातशेचं नाही. पण दाळ आता स्वस्त राहिली नाही हे पण खरं आहे, तूर पिकवणारा माणूसच तूर विकून मोकळा होतो अन् घरी पातळ वरण खातो, आपल्या भागातला हा जुना रोग आहे.

खाण्यानं फरक पडतो का, तर पडतो, अन् हा हवेतला दावा नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ मध्ये रॅशन्स नावाचा अभ्यास झाला, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मदतीनं, डॉ. अनुराग भार्गव अन् डॉ. माधवी भार्गव यांचा. टीबीच्या पेशंटला रोजचे १२०० कॅलरी अन् ५२ ग्रॅम प्रथिन मिळेल एवढा शिधा दिला, घरच्या लोकांना पण दिला. घरच्या लोकांमध्ये टीबी होणं ३९ टक्क्यांनी कमी झालं, फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी. अन् मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी की ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांचा मरायचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पस्तीस किलोचा माणूस धरला तर पावणेदोन किलो, बस.

पहिल्या दोन महिन्यांत! आग सगळ्यात जास्त तेव्हाच असते. जंतू भरपूर, ताप, भूक मेलेली, टीबीच्या चार-चार औषधांचा मारा, अन् टीबीचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत एआरटी पण सुरू होते (मेंदूचा टीबी असला तर थांबतात). एआरटीनं प्रतिकारशक्ती परत यायला लागली की काही जणांना उलट ताप वाढतो, गाठी सुजतात, आयरिस म्हणतात त्याला, अन् लोकांना वाटतं गोळीनंच बिघडवलं, सोडा गोळी. या दिवसांत घरात अंडं पाहिजे अन् या दिवसांत मजुरी बंद असते.

सरकारला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. निक्षय पोषणचा पहिला तीन हजारांचा हप्ता उपचार सुरू होतानाच आगाऊ द्यायचा असा नियम केलाय, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १८.५ च्या खाली असेल तर पहिले दोन महिने जास्तीचा पोषक आहार द्यायचा हे पण २०२४ मध्ये जाहीर झालंय. कागद एकदम बरोबर आहे. पण आमच्याकडं बँकेचं खातं केवायसीविना बंद पडलेलं असतं, आधारवरचं नाव अन् पासबुकातलं नाव जुळत नाही, नाहीतर पैसे कुठल्या तरी जुन्याच खात्यात पडतात जे बाईला आठवत पण नाही. मग आपली एसटीएस मंडळी, टीबीच्या उपचारावर देखरेख करणारे, धावाधाव करते, बिचारे करतात हो, अन् पैसे येतात तेव्हा पेशंटचा खोकला थांबलेला असतो, वजन जे जायचं ते गेलेलं असतं, अन् एकदम हाती आलेल्या रकमेतून तोच तो डबा येतो. उशिरा आलेला पैसा दाळीत जात नाही, डब्यात जातो, नाहीतर उधारीत. खातं जुळेपर्यंत पहिल्या महिन्याचा शिधा तरी हातात द्या, दाळ, तेल, अंडी, फल्ली. अंगणवाडीत अंडी पोचतात तर यांच्यापर्यंत का नाही पोचणार.

अन् शिधा देताना फोटो नका काढू. हात जोडून सांगते. निक्षय मित्र म्हणून, म्हणजे टीबीच्या पेशंटला स्वतःहून मदत करायला, चांगले लोक पुढं येतात, शिध्याचं किट देतात, मान्य आहे, पण बॅनर लावून, पेशंटला मधात उभं करून, मोबाइलवर काढलेला फोटो अर्ध्या तासात गावच्या ग्रुपवर. नुसता टीबी असला तर माणूस कसंबसं सहन करतो, पण ज्याला दोन्ही आहे त्याला वाटतं आता हे पण फुटणार. आमच्या एका ताईनं किट घ्यायलाच नकार दिला, "मले दाळ नको अन् फोटो बी नको." २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे, त्यात गुप्तता लिहिलेली आहे, पण फोटो काढणाऱ्याला ते कोणी सांगितलंय? किट आशाताईच्या पिशवीतून घरी जाऊ द्या, सहीचा कागद आहेच ना हिशोबाला.

अजून थोडं. आगीत तेल ओतणाऱ्या गोष्टी आमच्याकडं कमी नाहीत. खर्रा, बिडी, मोहाची, चुलीचा धूर, हे तुम्ही पोस्टरवर लिहिता. पण फवारणी कोणी लिहीत नाही. टीबीचा कोर्स चालू असलेला माणूस पाठीवर पंप घेऊन कपाशीत फवारणीला जातो कारण त्याची मजुरी जास्त मिळते, अन् कीटकनाशकांनी पण शरीरात हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, वरून लिव्हरला पण मार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं उघडी पडली ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय, ती तर धडधाकट माणसं होती. डॉक्टरांनी कार्डावर एक ओळ लिहावी, "कोर्स संपेपर्यंत फवारणी बंद." डॉक्टरनं लिहिलेलं वावरवाला ऐकतो, बायकोचं ऐकत नाही.

लिव्हरचं पण तसंच. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला जड, अन् आयसोनियाझिड तिथं फुटताना जे तयार होतं त्यानं ग्लुटाथायोन अजून खर्ची पडतो. लघवी केशरी झाली की लोक घाबरून झाडपाल्याची काविळीची दवा आणतात, ती केशरी तर रिफाम्पिसिनची असते, त्यात घाबरायचं काही नाही. घाबरायचं डोळे पिवळे झाले, ओकाऱ्या थांबेनात, अन्नाकडं बघवेना तेव्हा. हे दोन वेगळे आहेत एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं तर अर्धे गोळ्या सोडणारे वाचतील, असा माझा अंदाज. एलएफटीचं, म्हणजे लिव्हर तपासणीचं, रक्त अन् एआरटीची तारीख एकाच दिवशी ठेवा, दोन खेपांची मजुरी अन् एसटीचं भाडं पेशंटकडं नसतं. टीबीच्या औषधासोबत द्यायची बी६ व्हिटामिनची गोळी सेंटरवर संपली की "बाहेरून घ्या" नका म्हणू, कारण बाहेर गेलेला माणूस बी६ ऐवजी डबाच घेऊन येतो.

अन् सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या पूर्व विदर्भात, यवतमाळकडं पण, हा आजार किती आहे तुम्हाला माहीत आहे, त्यात लाल पेशी फुटून फुटून तोच स्ट्रेस आधीच चढलेला असतो. टीबी-एचआयव्हीच्या पेशंटची सिकलसेलची तपासणी एकदा तरी झालेली असावी अन् कार्डावर लिहिलेली असावी, म्हणजे रक्त कमी दिसलं की डोळे मिटून आयर्न लिहिणं थांबेल.

उत्तर पत्रानं द्यायची गरज नाही. पुढच्या महिन्यात सेंटरच्या खिडकीत "डोलुटेग्रॅविर अन् पावडर-टॉनिक सोबत नको" असा कागद लागला तर मला उत्तर मिळालं असं समजेन.

आपली,
फिल्डवरची एक ताई

ता.क. : तो कागद नुसता मराठीत नको. आमच्याकडं कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी माणसं आहेत अन् कितीतरी जणांना वाचता येत नाही. चित्रातच करा, आधी गोळी, नंतर डबा, मधात घड्याळ अन् दोन तासांची रेघ. चित्र काढायला कोणी नसेल तर सांगा, आश्रमशाळेतली पोरं काढून देतील.